अकोल्याचा मे महिना आणि लॅपटॉपखालचे पाच पंखे

दुपारचं_ऊन | ११ मे, दुपारी ३:४०

मी अकोल्यात राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीचे हिशेब घरून बघते. दिवसभर टॅली, एक्सेलच्या पाच-सहा फायली आणि दुपारी दोन-तीन व्हिडिओ कॉल. लॅपटॉप पाच वर्षांचा. मार्च उजाडला की बारा ते पाच या वेळात तो असा घोंघावतो की कॉलवरची माणसं विचारतात, मागे मिक्सर चालू आहे का? नुसता आवाज असता तर चाललं असतं. पण साध्या बेरजेलाही एक्सेल गोल गोल चाक फिरवत बसतं. संध्याकाळी सातनंतर तोच लॅपटॉप एकदम शहाणा.

म्हणून मार्चमध्ये ऑनलाइन एक स्टँड मागवलं. लोखंडी जाळीची पाटी, खाली पाच पंखे (मधे एक मोठा, चार कोपऱ्यांत चार छोटे), मागे उंची कमीजास्त करायला सात खाचा, पुढे लॅपटॉप घसरू नये म्हणून दोन आकडे. शिवाय एक झगझगीत निळा दिवा. तो कशासाठी, हे बनवणाऱ्यालाच ठाऊक. कुरिअरवाला "कूलर आलाय" म्हणाला म्हणून सासूबाई लगबगीने बाहेर आल्या आणि हातभर खोका बघून म्हणाल्या, "हा कोणाला हवा देणार?"

नवरा म्हणतो पंधराशे पाण्यात गेले. म्हणून मी तापमान दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर टाकून चार दुपारी मोजमाप केलं. खोलीत ३७ अंश, काम तेच, कॉल चालू. आकडे प्रोसेसरचे:

गादीवर ठेवून ९६-९८. टेबलावर ९१. स्टँडवर, मागून उचलून, पंखे बंद ठेवून ८५. पंखे लावून ८३.

म्हणजे नुसतं तिरपं उचलल्याने सहा अंश गेले आणि पाच पंख्यांनी मिळून दोन. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू मी इथे लिहीत नाही.

प्रश्न दोन. पंख्यांनी एवढाच फरक पडतो, की माझं काही चुकतंय? दुसरं, स्टँडवर टाईप करून माझे खांदे भरून येतात. पूर्वी मान दुखायची, आता खांदे. उंची नेमकी किती ठेवायची?

---

पेठेतली_सावली | ११ मे, दुपारी ४:०५

पाण्याच्या बाटलीची चार बुचं घ्यायची. दोन लॅपटॉपच्या मागच्या कोपऱ्यांखाली, दोन राखीव, कारण पहिली दोन हरवतात. खर्च शून्य. तुमच्याच आकड्यांप्रमाणे सहा अंश फुकटात. उरलेल्या दोन अंशांचे पंधराशे रुपये तुम्हाला कसे परवडतात, हा माझा प्रश्न.

---

कथील_आणि_तार | ११ मे, रात्री ९:१२

सावली, बुचांचं बरोबर आहे, पण ताईंचा पहिला प्रश्न त्याने सुटत नाही.

आत काय चालतं ते थोडक्यात. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची चपटी नळी बसवलेली असते. आत थेंबभर द्रव. गरम टोकाला त्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाला जाते, तिथे पातळ पात्यांची जाळी आणि लॅपटॉपचा स्वतःचा पंखा असतो. हा पंखा बहुतेक लॅपटॉपमध्ये पोटाखालून हवा ओढतो आणि मागून किंवा बाजूने बाहेर फेकतो. गादीवर ठेवला की पोटाखालची भोकं बुजतात आणि तीच गरम हवा आत फिरत राहते. प्रोसेसर शंभरच्या आसपास पोचला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. तुमचं एक्सेल दुपारी रुसतं ते त्यामुळे.

आता स्टँडचे पंखे. पंखा हवा थंड करत नाही, हलवतो. खोलीत ३७ असेल तर लॅपटॉपला ३७ चीच हवा मिळणार. त्याचं काम एकच: ती हवा भोकांपर्यंत पोचवणं. म्हणून एक प्रयोग करा. टिश्यू पेपरचा एक पदर सोडवून घ्या, तोंड पुसायचा पातळ कागद. लॅपटॉप चालू ठेवून थोडा उचला आणि कागद पोटाखाली जागोजागी धरा. जिथे चिकटेल तिथून हवा आत जाते. जिथून उडेल तिथून बाहेर. मग बघा, स्टँडचे पंखे त्या जागांखाली येतात का.

आणि तळाचं प्लास्टिक कुठे फुगलेलं नाही ना, तेही बघा. सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. मग स्टँड वगैरे विसरा, लॅपटॉप बंद करून आधी दुकान गाठा. फुगलेली बॅटरी घरी टोचू-दाबू नका.

---

काय_म्हन्ता_बाप्पा | ११ मे, रात्री १०:३०

ताई, मी बी अकोल्याचाच. एवढं कायले टेन्शन घेता? आमच्या इथं लॅपटॉप सरळ कूलरच्या समोर ठेवतो. गारेगार. पंखे नाही न फिंखे नाही.

---

कथील_आणि_तार | ११ मे, रात्री १०:४१

बाप्पा, कूलरची हवा खोलीत असू द्या, पण थेट झोतात लॅपटॉप नको. ताट्या नीट बसल्या नसतील तर बारीक तुषार उडतात. अकोल्यात तुमच्या पाण्याला खारपाणपट्ट्याची, म्हणजे जमिनीतल्या खारट पाण्याच्या पट्ट्याची चव. ताट्यांवर पांढरा थर साठतो तो पाहिला असेलच. तोच थर लॅपटॉपच्या पात्यांवर आणि सर्किटवर बसतो. कूलर बाजूला, हवेची वाट तिरकी, एवढं पथ्य पाळा.

---

काय_म्हन्ता_बाप्पा | ११ मे, रात्री १०:५५

हे मात्र खरं हाय. मागच्या वर्षी कीबोर्डवर मिठागर झालं होतं आमचं. मले वाटलं धूळ हाय. पण वाळ्याची ताटी लावली न तर तुषार कमी येतात, आन् वास बी मस्त.

---

पाचवा_मजला | १२ मे, सकाळी ८:१५

वाळ्याची ताटी आता मिळते कुठे? आमच्या आत्याकडे नागपूरला पूर्वी दर उन्हाळ्यात

---

व्यवस्थापक | १२ मे, सकाळी ८:५०

ताट्यांसाठी वेगळा धागा काढावा. इथे लॅपटॉप.

---

मान_मोकळी | १२ मे, सकाळी ११:२०

फिजिओथेरपिस्ट आहे, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते तुम्हाला आवडणार नाही.

लॅपटॉपचा मूळ दोषच हा की पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जखडलेले. पडदा डोळ्यांच्या पातळीला आणलात की कीबोर्ड छातीशी येतो आणि खांदे उचलून टाईप करावं लागतं. कीबोर्ड कोपराच्या पातळीला ठेवलात की पडदा खाली जातो आणि मान वाकते. सातव्या खाचेवर खांदे, पहिल्या खाचेवर मान. यातून सुटायचा रस्ता एकच, वेगळा कीबोर्ड आणि वेगळा माऊस. पाच-सातशेत दोन्ही साधे मिळतात.

मग स्टँड हवं तेवढं वर न्या. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली, पडदा हातभर अंतरावर. कोपर काटकोनाच्या आसपास, मनगट सरळ, पाय जमिनीला टेकलेले. टेबल उंच असेल तर पायाखाली पाट ठेवा. घरातला जेवणाचा पाट या कामाला नंबर एक. दुहेरी भिंगाचा चष्मा असेल तर मात्र पडदा जरा खाली घ्या, नाहीतर खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर करून बसाल आणि मान पुन्हा माझ्याकडे येईल.

वेगळा कीबोर्ड घ्यायचाच नसेल तर दुसऱ्या खाचेच्या वर जाऊ नका आणि अर्ध्या तासाने उठा. पाणी प्यायला उठा, कुकर बंद करायला उठा, कारण काहीही चालेल.

अजून एक. मांडीवर तासन्‌तास गरम लॅपटॉप ठेवणाऱ्यांच्या मांडीवर तपकिरी जाळीसारखे डाग पडलेले मी पाहिले आहेत. पूर्वी शेगडीशी बसणाऱ्यांच्या पायावर दिसायचे तसलेच. मांडीवर नकोच.

---

पाचवा_मजला | १२ मे, दुपारी १:०५

माझी करुण कहाणी ऐका, म्हणजे कोणी माझ्या वाटेला जाणार नाही. डोंबिवली, पाचवा मजला, वर गच्ची. गेल्या मे महिन्यात मी हुशारी केली: पाठदुखीला वापरतात ती जेलची पिशवी फ्रीजरमध्ये गोठवून, नॅपकिनात गुंडाळून लॅपटॉपखाली. पहिली वीस मिनिटं स्वर्ग. पंखा चक्क थांबला. मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

तासाभरात स्पेस बार चिकटला. मग टचपॅड स्वतःच फिरायला लागला. उचलून बघतो तर खालून थेंब ठिबकतायत. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून पाणी सुटतं तसं आख्ख्या तळाला सुटलं होतं. आमच्याकडे मे महिन्यात हवाच पिळून पाणी काढता येईल अशी. कीबोर्ड बदलावा लागला, साडेतीन हजार. बायको अजून त्याला "बर्फाचा गोळा" म्हणते.

---

कथील_आणि_तार | १२ मे, दुपारी १:३०

नशीब मदरबोर्ड वाचला. पंख्याच्या स्टँडचा हाच एक फायदा आहे की ते खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करूच शकत नाही, म्हणून त्याने पाणी सुटत नाही. बर्फ, जेल, ओलं फडकं, सगळं बाद.

---

दुपारचं_ऊन | १२ मे, संध्याकाळी ६:२५

कथील, कागदाचा प्रयोग केला. मुलगा आडवा पडून टॉर्च दाखवत होता, मी कागद फिरवत होते. सासूबाई विचारत होत्या की याचं काय झालंय.

कागद एकाच जागी चिकटला! डाव्या हाताला, बिजागरीपासून चार बोटं खाली, काडेपेटीएवढ्या जाळीपाशी. बाकी सगळं पोट बंद. मधोमध तर नुसतं सपाट प्लास्टिक, त्यावर कंपनीचं स्टिकर. आणि माझ्या स्टँडचा मोठा पंखा दोन महिने इमानेइतबारे त्या स्टिकरला हवा घालत होता.

आज लॅपटॉप उजवीकडे सरकवला, म्हणजे त्याची डावी जाळी मधल्या मोठ्या पंख्यावर आली. उजवी कड चार बोटं पाटीच्या बाहेर लोंबते, पण पुढच्या एका आकड्यावर टिकतो. दिसायला वाईट. तापमान ७९. म्हणजे अजून चार अंश गेले. नवरा आला, आकडा बघितला, काही न बोलता चहा ठेवायला गेला.

मान_मोकळी, कीबोर्ड मागवला.

---

रात्रीचा_राजा | १२ मे, रात्री ११:५०

गेमिंगवाल्यांकडून दोन पैसे.

१) खालून मोकळी हवा मारणाऱ्या स्टँडची बरीचशी हवा बाजूने निसटते. कडेने फोमची गादी असलेलीही स्टँड मिळतात, लॅपटॉप त्यावर दाबून बसतो आणि सगळी हवा भोकांतूनच आत जाते. फरक खूप जास्त. पण आवाज व्हॅक्यूम क्लीनरचा, हिशेबाच्या कॉलला उपयोग नाही. मी हेडफोन लावतो, शेजारी लावत नाहीत, त्यावरून भांडण झालंय.

२) विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. आकडा एकाने कमी, पण बऱ्याच लॅपटॉपवर त्याने टर्बो (गरज पडली की प्रोसेसरने नेहमीपेक्षा जास्त वेगाने धावणं) बंद होतो आणि तापमान एकदम उतरतं. एक्सेलला फरक जाणवणारही नाही.

३) कॉलवर मागची खोली धूसर करता का? ते बंद करा. प्रत्येक क्षणी तुमची आकृती कापून काढायचं काम प्रोसेसरला लागतं.

---

दुपारचं_ऊन | १३ मे, सकाळी ९:००

तिसरा मुद्दा अवघड आहे. मागे दोरीवर कपडे असतात.

---

पेठेतली_सावली | १३ मे, सकाळी ९:०४

उलट बसा, भिंतीकडे पाठ. हाही फुकट उपाय.

---

खारा_वारा | १३ मे, दुपारी १२:१०

म्हापशाहून. ताईंसारखंच लोखंडी जाळीचं स्टँड दोन वर्षं वापरतो. जुलैपर्यंत स्क्रू तांबडे, दुसऱ्या पावसाळ्यात खाचांचा आकडा गंजून अडकला, तेव्हापासून आमचं स्टँड तिसऱ्या खाचेवर कायमचं. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी अॅल्युमिनियमचं घ्यावं, भले पंखे नसोत.

पण एक शंका. अॅल्युमिनियमचं घेतलं तर त्याला हात लागला की झिणझिण्या येतात, विशेषतः चार्जिंग चालू असताना आणि पाय ओले असताना. स्टँड खराब आहे का?

---

कथील_आणि_तार | १३ मे, दुपारी १२:४८

स्टँड निर्दोष. धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला चार्जरमधून अगदी थोडा करंट गळतो, तो अर्थिंगमधून निघून जायला हवा. दोन पिनांचा चार्जर असेल किंवा तीन पिनांचा असून घरात अर्थिंग नसेल तर तो तुमच्या बोटातून वाट शोधतो. एरवी तो इतका कमी असतो की फक्त मुंग्या येतात, पण तीन पिनांचा चार्जर असूनही येत असतील तर इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासा. तेवढ्यात ओल्या पायांनी हात लावू नका. लॅपटॉपचं निमित्त, पण त्याच घरात गीझर आणि वॉशिंग मशीनही आहे.

ताई, पंख्यांची केबल लॅपटॉपलाच लावली असेल ना? जुन्या यूएसबी खाचेतून ५ व्होल्टला अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॉट मिळतात, नव्या निळ्या खाचेतून ०.९ अँपिअर. स्टँडच्या खाली लिहिलेला आकडा बघा. त्यापेक्षा जास्त असेल तर जुन्या मोबाईलच्या चार्जरवर लावा. लॅपटॉप बॅटरीवर असतानाही त्याचीच वीज पंख्यांना का द्यायची?

---

दुपारचं_ऊन | १३ मे, दुपारी २:१५

०.४५ लिहिलंय. तरी मोबाईलच्या चार्जरवर नेते. त्या केबलची दोन्ही टोकं सारखीच चपटी आहेत, तशी इथे गांधी रोडवर तीन दुकानांत विचारली, नाही मिळाली. म्हणजे आहे ती उंदरापासून जपायची.

---

हळदीचं_दूध | १३ मे, दुपारी ४:४०

माझ्याकडे मॅकबुक एअर आहे, एम१ वाला. पोटाखाली एकही भोक सापडत नाही. हे स्टँड घेऊ का?

---

रात्रीचा_राजा | १३ मे, दुपारी ४:४६

त्यात पंखाच नाही, म्हणून भोकंही नाहीत. साधं उचलणारं स्टँड घ्या, मानेसाठी. पंख्यांचे पैसे वाचवा.

---

कथील_आणि_तार | १३ मे, संध्याकाळी ७:३०

ताई, खरा मुद्दा राहिलाच. लॅपटॉप पाच वर्षांचा म्हणालात. आतून कधी साफ केलाय?

---

दुपारचं_ऊन | १३ मे, संध्याकाळी ७:३३

आतून?

---

कथील_आणि_तार | १३ मे, संध्याकाळी ७:५०

समजलं. उघडायची सवय नसेल तर दुकानात न्या, पण समोर बसून करून घ्या. घरी बाहेरून ब्लोअर मारणार असाल तर लॅपटॉप बंद करा आणि काडीने पंखा अडवून धरा. मोकळा सोडलात तर तो भिंगरीसारखा फिरतो आणि बेअरिंग जातं. आणि प्रोसेसरची उष्णता त्या तांब्याच्या नळीपर्यंत पोचवायला मधे लावलेलं पेस्ट पाच वर्षांत वाळून खडू झालं असेल, तेही बदलायला सांगा.

---

दुपारचं_ऊन | १८ मे, रात्री ८:२०

उशीर झाला, महिनाअखेरचे हिशेब लवकर मागितले होते.

शनिवारी दुकानात गेले. दुकानातल्या मुलाने मागचे दहा स्क्रू काढले, झाकण उचललं, पंखा बाजूला केला. पंखा आणि त्या पितळी रंगाच्या पात्यांच्या मधोमध एक राखाडी पट्टी होती. मला वाटलं तो लॅपटॉपचाच भाग, फेल्टची वगैरे. त्याने चिमट्याने टोक धरून ओढलं तर आख्खी पट्टी अखंड निघाली, गोधडीच्या आतल्या जुन्या कापसासारखी. त्यात केस, कूलरच्या ताटीचा भुसा आणि माझ्या अंदाजे थोडं थालीपीठ. पाच वर्षं पंखा त्या भिंतीवर हवा आपटत होता. पेस्ट खरंच खडू. साफसफाई आणि पेस्ट मिळून सहाशे.

आज दुपारी, खोलीत ३८, तेच काम, तोच कॉल: टेबलावर ७६, स्टँडवर पंखे बंद ७२, पंखे चालू ७०. एक्सेल झटपट. आणि कॉलवर कोणीतरी विचारलं, आज नेटवर्क गेलंय का, काहीच आवाज येत नाहीये.

आता स्टँड पाचव्या खाचेवर, पुढे वेगळा कीबोर्ड, पायाखाली पाट. खांदे ठीक आहेत. पंखे फक्त बारा ते चार. नवऱ्याचं म्हणणं, सहाशेत काम झालं असतं, पंधराशे गेलेच. माझं म्हणणं, पंधराशे मानेचे होते.

---

पेठेतली_सावली | १८ मे, रात्री ८:४५

मानेलाही जाड पुस्तकं चालली असती. बाकी अभिनंदन.

---

मान_मोकळी | १८ मे, रात्री ९:१०

पुस्तकांच्या चळतीवर लॅपटॉप घसरतो आणि खालून हवा बंद. ताईंचे पैसे वसूल आहेत, माझ्याकडून लिहून घ्या.

---

रात्रीचा_राजा | १८ मे, रात्री ११:५८

ताई, त्या निळ्या दिव्याचं काय केलंत?

---

दुपारचं_ऊन | १९ मे, सकाळी ७:१५

वर काळी चिकटपट्टी लावली. रात्री सासूबाईंना वाटायचं, पोलिसांची गाडी आली.